आरती चढत जाते, क्लिक चढत नाही

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. पत्र थोडं आटोपतं घेऊन इथे देतो.

"मी ४६ वर्षांचा, नोकरी करणारा माणूस. पेटी वाजवतो, चवथीला (गणेश चतुर्थीला) गावच्या आरती मंडळात घुमट (मडक्याला कातडं लावलेलं वाद्य) वाजवतो. सात-आठ अभंगांना चाली लावल्या आहेत, त्या नीट रेकॉर्ड करायच्या आहेत. आई ७८ वर्षांची आहे. तिला ओव्या आणि धालोची गाणी पाठ आहेत, तीही जपून ठेवायची आहेत. विंडोजचा लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅमचा. सगळं धरून २५,००० रुपयांपर्यंत खर्च करू शकतो. बारावीतला मुलगा एफएल स्टुडिओ घ्या म्हणतो. एक मित्र क्यूबेस फुकटात घालून देतो म्हणतो. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून डोकं गरगरलं. मित्राच्या लॅपटॉपवर क्लिक लावून आरती रेकॉर्ड करून पाहिली, तर सगळी पांगापांग झाली. आमचाच ताल कच्चा आहे का? कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? आणि लॅपटॉप बदलावा लागेल का?"

नमस्कार भाऊ,

तुमचा ताल कच्चा नाही. हे आधी सांगतो, कारण पत्रातला हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला. चवथीची आरती ज्या लयीत सुरू होते त्या लयीत ती कधीच संपत नाही. पहिली दोन कडवी अंग सैल करण्यात जातात. मग घुमटावरचा हात तापतो, शामेळ हे चर्मवाद्य वाजवणारा लय हलकेच पुढे ओढतो, कांसाळे (झांज) त्याला धरतं आणि शेवटच्या कडव्याला माटोळीखालचा, म्हणजे गणपतीवरच्या फळापानांच्या मांडवाखालचा, माणूस न् माणूस टाळी देत असतो. ही चढण म्हणजेच आरती. यंत्राचा क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टिकटिक, मिनिटाला ९० ठोक्यांवर लावला की तो शेवटपर्यंत ९० वरच ठोकत राहतो. तुम्ही सगळे मिळून चढलात, तो चढला नाही. दोष कोणाचा म्हणायचाच असेल तर क्लिक लावण्याच्या निर्णयाचा.

आणि सॉफ्टवेअर कोणतं याचं उत्तरही इथूनच निघतं. व्हिडिओंमध्ये कोणात किती वाद्यांचे आवाज आहेत, कोणाचा पडदा किती देखणा आहे, याचीच चर्चा असते. तुम्ही एकच गोष्ट पाहायची. आधी गाऊन-वाजवून झालेल्या लयीच्या मागून ते सॉफ्टवेअर येतं, की तुम्हाला आपल्या चौकटीत येऊन बसायला सांगतं?

या सॉफ्टवेअरांची मूळ घराणी वेगवेगळी आहेत. आज प्रत्येकजण सगळं करतो हे खरं, पण जन्माचा स्वभाव जात नाही. एफएल स्टुडिओ १९९७ मध्ये बेल्जियममध्ये फ्रूटीलूप्स नावाने आलं. सोळा घरांची ओळ, घरात टिंब टाकलं की ठोका. एबलटन लाइव्ह २००१ मध्ये आलं, ते आवाजाचे तुकडे रंगमंचावर हवे तेव्हा सुरू-बंद करता यावेत म्हणून. क्यूबेस १९८९ मध्ये अटारीच्या संगणकावर मिडी सिक्वेन्सर, म्हणजे सुरांच्या सूचना ओळीने मांडणारं सॉफ्टवेअर, म्हणून सुरू झालं, प्रत्यक्ष आवाज त्यात मागाहून आला. दुसऱ्या बाजूला टेपच्या वळणाची सॉफ्टवेअर आहेत. पट्टी फिरते आहे, समोर जे घडतं ते त्यावर उमटतं आहे, मोजमाप पुढचं पुढे. तुमचं काम या दुसऱ्या वळणाचं आहे.

त्यात माझा कौल रीपरला. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. संगणकावर गाणी ऐकायचं विनॅम्प ज्यांनी लिहिलं त्या जस्टिन फ्रँकेल यांच्या कॉकोस कंपनीचं हे सॉफ्टवेअर. आधी ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येतं, काहीही बंद करून ठेवलेलं नसतं. पुढे खाजगी वापरासाठी परवाना ६० डॉलरला, म्हणजे पाच हजारांच्या थोडा वर. लॅपटॉपवर त्याचा भार इतका कमी पडतो की तुमचं मशीन त्याला सहज पुरेल.

त्याच्या उणिवाही सांगतो, नाहीतर पहिल्या दिवशीच तुम्ही निराश व्हाल. रीपर दिसायला रूक्ष आहे. उघडल्यावर समोर करडा पडदा, काय करायचं ते कळत नाही. तयार वाद्यांचे आवाज त्यात जवळजवळ नाहीतच. ज्याला बसल्या बसल्या ड्रम आणि व्हायोलिनचा ताफा हवा आहे त्याला मी रीपर सांगत नाही. पण तुमची पेटी तुमच्याकडे आहे, घुमट खुंटीला टांगलेलं आहे आणि आई घरात आहे. तुम्हाला आवाजांचं दुकान नको, चांगली पाटी हवी.

आता आरती रीपरमध्ये कशी घ्यायची ते सविस्तर सांगतो, कारण तुमची फजिती नेमकी इथे झाली. क्लिक बंद. मंडळाला जशी वाजवायची तशी वाजवू द्या. रेकॉर्डिंग झाल्यावर, दुसरं काहीही करण्याआधी, प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये टाइमबेस नावाची निवड आहे, ती 'बीट्स'वरून 'टाइम'वर आणा. मुळात ती 'बीट्स'वर असते. तशीच ठेवून तुम्ही टेम्पो (लयीचा वेग) बदलायला गेलात तर रेकॉर्ड झालेला आवाजच ताणला किंवा आवळला जाईल. 'टाइम' केल्यावर आवाज जागचा हलत नाही, मागची मात्रांची जाळी तेवढी हलते. मग लाटांच्या चित्रात घुमटाची सम डोळ्यांना दिसते. एका समेपासून पुढच्या समेपर्यंत निवडायचं आणि निवडीपासून माप तयार करण्याची आज्ञा द्यायची. की ते आवर्तन जाळीत बसलं. पुढचं आवर्तन, पुन्हा तसंच. पाच मिनिटांच्या आरतीला पहिल्यांदा तास-दीड तास लागेल. पण एवढं झालं की यंत्राला तुमची चढण पाठ झाली. वर तंबोरा घाला, टाळ घाला, मुलाला बासरीचा आवाज कीबोर्डवर वाजवू द्या, सगळं तुमच्या लयीबरोबर चढेल.

अभंगांचं वेगळं. तिथे लय बरीचशी स्थिर असते आणि तुम्ही एकटेच सगळी वाद्यं एकावर एक घालणार असाल तर क्लिकचा उपयोगच होईल. मात्र ४/४, म्हणजे चार मात्रांच्या मापावर सोडून देऊ नका. रूपकात चाल असेल तर ७, झपतालात असेल तर १० मात्रांचं माप लावा. क्लिकचे जड-हलके ठोकेही आपल्याला हवे तसे मांडता येतात, झपतालाचे २-३-२-३ असे विभाग कानाला कळतील इतके. रूपकात सम 'खाली', म्हणजे हलकी असते हे यंत्राला ठाऊक नसतं, ते पहिल्या मात्रेवर जोरात टिक करणार. तो ठोका हलका करा आणि चौथ्या, सहाव्या मात्रेवर वजन द्या. एवढ्या बदलाने गाण्याची बैठक सुधारते.

सिक्वेन्सिंगबद्दल, म्हणजे वाद्य न वाजवता सूर-ठोके संगणकात मांडण्याबद्दल, तुम्ही थेट विचारलं नाही, पण मुलामुळे तो विषय घरात येणारच. मिडी म्हणजे आवाज नव्हे. कुठला सूर, किती जोरात, किती वेळ, एवढीच ती चिठ्ठी असते. १९८३ पासून हीच रीत चालू आहे आणि पेटीच्या माणसाला ती पटकन कळते, कारण चिठ्ठीतही पट्ट्याच आहेत. घोटाळा होतो तो तयार आवाजांत. बाजारात तबल्याचे, ढोलकीचे तयार ठोके पुष्कळ मिळतात. घुमटाचे म्हणून जे मिळतात त्यांत मडक्याचा 'घूं' असतो, पण डाव्या हाताने मागचं तोंड झाकलं-उघडलं की जो सूर वाकतो तो नसतो. घुमट ओळखू येतं ते त्या वाकण्याने. २०१९ मध्ये राज्य सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. मग त्याचा आवाज परक्या पेटीतून का घ्यायचा?

स्वतःचे ठोके स्वतः रेकॉर्ड करा. उघड्या तोंडाचा, बंद तोंडाचा, अर्ध्या झाकलेल्याचा, काठावरचा, मधला. प्रत्येक ठोका हलका, मध्यम, जोराचा, आणि तीनही जोरांचे निदान चार-चार वेगवेगळे, कारण एकच ठोका पुन्हा पुन्हा वाजला की कानाला यंत्र कळतं. हे सगळं एका बैठकीत उरका. घोरपडीचं कातडं कायद्याने बंद झाल्यापासून बकऱ्याच्या कातड्याची घुमटं आहेत, आणि दमट हवेत कातडं सैलावून सूर उतरत जातो. सकाळचे ठोके आणि संध्याकाळचे ठोके एकमेकांत बसणार नाहीत. रीपरबरोबर येणारा साधा सॅम्पलर या कामाला पुरतो. नावाने अवघड वाटेल, पण त्यात आवाज ओढून टाकायचा आणि कीबोर्डची एक पट्टी नेमून द्यायची, एवढंच आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्यात पेटीवाले हमखास अडकतात. तुमची पेटी कदाचित वडिलांच्या वेळची असेल. जुन्या पेट्यांचा सूर आजच्या ४४० हर्ट्झच्या मापाला बरोबर लागेलच असं नाही. थोडी वर असते, थोडी खाली असते. तुम्ही काळी एकला गाता, मुलगा संगणकातल्या काळी एकवर तार वाजवतो आणि दोघेही सुरात असून एकत्र बेसूर लागतात. अशा वेळी आवाज दुरुस्त करायला जाऊ नका. पेटीचा षड्ज ट्यूनरवर मोजा, किती सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक आहे ते लिहून ठेवा आणि संगणकातली वाद्यं तेवढी वर-खाली करा. घरात मान पेटीला आणि गळ्याला, बाकीच्यांनी त्यांना मिळवून घ्यायचं.

मुलाला एफएल स्टुडिओ वापरू द्या. त्याची आवड खरी आहे आणि ठोके रचायला ते सॉफ्टवेअर उत्तम आहे. एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट मिळतात, हाही मोठा फायदा. दोन गोष्टी मात्र त्याला सांगा. चाचणी आवृत्तीत सेव्ह केलेलं काम परवाना घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही, आणि सगळ्यात स्वस्त आवृत्तीत माइकवरून रेकॉर्डिंग करता येत नाही, त्यासाठी वरची घ्यावी लागते. दोघांनी एकच सॉफ्टवेअर वापरायची काही गरज नाही. त्याने आपले ठोके वेव्ह फाइल करून द्यावेत, तुम्ही ते रीपरमध्ये घ्यावेत. फक्त लय आणि सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मापं घ्यायची तो आकडा) आधी ठरवून घ्या. बाप-लेकाचं पहिलं गाणं अशा देवाणघेवाणीतून होईल, आणि ते मला ऐकायला आवडेल.

मित्राच्या क्यूबेसला नाही म्हणा. क्यूबेस वाईट म्हणून नव्हे. ते थोर सॉफ्टवेअर आहे. १९९६ मध्ये त्याच कंपनीने व्हीएसटीची पद्धत आणली, म्हणून आज एकाचं वाद्य दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वाजतं. पण फोडलेली प्रत म्हणजे दुसऱ्याचा घाम फुकटात घेणं आहे, आणि आपण कलाकारांनी तरी ते करू नये. शिवाय मी स्वतः पोळलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाने पेन ड्राइव्हवरून असंच एक महागडं सॉफ्टवेअर माझ्या मशीनमध्ये घालून दिलं. भजनी सप्ताहाचं तीन रात्रींचं रेकॉर्डिंग त्यात होतं. चौथ्या दिवशी मशीन सुरूच झालं नाही, व्हायरसने सगळं खाल्लं. त्या रात्री गायलेले एक वयस्क बुवा पुढच्या सप्ताहाला नव्हते. ते गाणं मला पुन्हा कधी मिळालं नाही.

म्हणून आईच्या गाण्यांकडे येतो. अभंग थांबू शकतात, चाली तुमच्या डोक्यात आहेत. आईचं काम आधी करा, या महिन्यात करा. त्यासाठी रीपर शिकून होईपर्यंतसुद्धा थांबायला नको. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात मिडीचं काम होत नाही, पण एक आवाज नीट रेकॉर्ड करायला, खोकला-खाकरा कापायला आणि मागची घरघर कमी करायला ते पुरेसं आहे. घरघर कमी करताना हात राखून करा. जास्त केलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. मूळ फाइल कधीही पुसू नका.

आईला पट्टी देऊ नका. तंबोरा लावू नका, लय देऊ नका. ओवी म्हणणारी बाई आपला सूर श्वासातून घेते. तिला काळी दोनवर आणलं की ती गाणं म्हणू लागते, ओवी राहून जाते. आणि सूर सरळ करणारं यंत्र तर तिच्या आवाजाजवळही नेऊ नका.

धालोच्या गाण्यांचं तर आणखी एक आहे. पौषातल्या रात्री मांडावर बायका समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहतात, एक रांग ओळ म्हणते, दुसरी ती झेलते. झेलणारी असली की पुढची ओळ आपोआप आठवते. आईला एकटीला माइकसमोर बसवलंत तर तिसऱ्या ओळीला ती अडेल आणि 'आता आठवत नाही गे' म्हणेल. तिच्या वयाची शेजारीण, बहीण, मावशी, कोणीतरी बोलावून समोर बसवा. दोघींना दोन माइक द्या, दोन वेगळ्या ट्रॅकवर घ्या. मध्येच त्या थांबतील, कुठल्या ओळीनंतर कुठली यावर वाद घालतील, हसतील. रेकॉर्डिंग बंद करू नका. तेही ठेवा.

तुमच्या तालुक्यातल्याच केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावर चढली आणि आज ती ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्यात गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याच्या खुणा वर दिसतात. गावाचं जे झालं ते झालं, पण आवाज ध्वनिमुद्रित होता म्हणून आपल्याकडे आहे. तुमच्या आईच्या ओव्या आज फक्त एकाच ठिकाणी आहेत, तिच्या आठवणीत.

पैशांचं आता. रीपरचे पाच हजार बाजूला ठेवले तर वीस उरतात. त्यातले नऊ-दहा दोन इनपुटच्या ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे माइकचा आवाज संगणकात नेणाऱ्या डबीला, द्या. लॅपटॉपच्या भोकात माइक खुपसून काम होणार नाही, त्यात पंख्याची आणि विजेची गुणगुण येते. पाच-सहा माइकला, तीन हेडफोनला, उरलेले स्टँड आणि वायरींना. दुसरा माइक धालोच्या बैठकीपुरता कोणाकडून तरी मागून आणा. इंटरफेसबरोबर एबलटन लाइव्हची छोटी आवृत्ती किंवा तसंच काही फुकट मिळतं, ते मुलाला द्या.

माइक डायनॅमिक घ्या, हे माझं ठाम मत आहे. कंडेन्सर नावाचा दुसरा प्रकार अधिक बारीक ऐकतो हे खरं, त्याला ४८ व्होल्ट लागतात तेही इंटरफेस देतं. पण आपली घरं नळ्यांची, उंच छपराची, खाली गुळगुळीत कोबा. कंडेन्सर माडावरचा कावळा आणि रस्त्यावरची पोदेराची (पाववाल्याची) पों-पोंही टिपतो. शिवाय पावसाळ्यात चार महिने दमट हवेत तो खरखरायला लागतो. कुठलाही माइक असला तरी हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. घुमटासारखा दणका डायनॅमिकला सोसतो, आणि ७८ वर्षांच्या आवाजाला तो वीतभर अंतरावरून छान ऊब देतो.

खोलीचं काम फुकटात होतं. ज्या खोलीत कपड्यांचं कपाट आणि कापसाची गादी आहे ती निवडा. कपाटाची दारं उघडून साड्यांकडे तोंड करून गायला बसवलं तर आवाज घुमत नाही. पंखा बंद, फ्रिज बंद, वायफाय बंद. मध्येच वीज गेली तर लॅपटॉपची बॅटरी सांभाळते, आणि खरं तर रेकॉर्डिंग बॅटरीवरच करा. जुन्या घरांत अर्थिंग धड नसतं, चार्जर काढला की गुणगुण पुष्कळदा थांबते.

मोजमापं दोनच लक्षात ठेवा. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८,००० हर्ट्झवर करा. एका माइकचं एक मिनिट म्हणजे साडेआठ एमबी, तासाभराचं साधारण अर्धा जीबी. आणि आवाजाची पातळी सगळ्यात जोराच्या ठोक्यालाही वजा १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. लाल दिव्यापर्यंत नेण्याची सवय टेपच्या काळातली आहे, २४ बिटमध्ये तिची गरज नाही. फुटलेला घुमटाचा ठोका कशानेही दुरुस्त होत नाही.

हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा आला तर गोंधळू नका, तो बफरचा, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाची किती मापं साठवून पुढे देतो त्या आकड्याचा, खेळ आहे. बफर १०२४ असेल तर एका दिशेलाच सुमारे २१ मिलिसेकंद लागतात. म्हणजे पेटीवाला सात मीटरवर, देवळाच्या चौकाच्या पार पलीकडे बसल्यासारखं. १२८ केलं तर तीन मिलिसेकंदांपेक्षा कमी, म्हणजे मांडीला मांडी लावून. इंटरफेससोबत आलेला असिओ ड्रायव्हर (संगणकाला इंटरफेसशी जोडणारा छोटा प्रोग्राम) टाका आणि रीपरमध्ये तोच निवडा. गाताना १२८, नंतर मिक्स करताना १०२४.

घुमटाला दोन माइक लावावेसे वाटतील, एक कातड्यापुढे, एक मागच्या तोंडाशी. जरूर लावा. मग एका ट्रॅकवरचं ध्रुव उलटवायचं बटण दाबून दोन्ही तऱ्हांनी ऐका. ज्यात खर्ज भरून येतो ती तऱ्हा ठेवायची.

काम संपल्यावर फक्त प्रोजेक्ट फाइल ठेवून समाधान मानू नका. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये गिब्सन कंपनीने केकवॉक हे जुनं, नावाजलेलं सॉफ्टवेअर पुढे चालवणं एका घोषणेत थांबवलं. पुढच्या वर्षी बँडलॅबने ते घेतलं म्हणून लोकांची कामं वाचली. उद्या रीपरचंही काय होईल ते आज कोण सांगणार? म्हणून प्रत्येक गाणं पूर्ण झालं की त्यातला प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून शेवटपर्यंत वेगळी वेव्ह फाइल करून काढा. अशा फाइली कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये डावीकडे टेकवून ठेवल्या की गाणं जसंच्या तसं उभं राहतं. सोबत एका साध्या फाइलमध्ये लिहा: कोण गायलं, कुठलं गाणं, आईने ते कोणाकडून शिकलं, तारीख. दोन हार्ड डिस्क करा आणि त्यातली एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे ठेवा.

लॅपटॉप बदलू नका. ८ जीबी रॅम तुमच्या कामाला पुरेशी आहे. आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर तेवढी काढून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवून घ्या, आणि त्यासाठी पैसे कमी पडत असतील तर रीपरचे ६० दिवस आधी वापरा, परवाना त्यानंतर घ्या. सुरुवात आईपासून. चहा झाल्यावर, दहाच्या सुमारास, तिचा गळा मोकळा झालेला असेल तेव्हा.